एका दिवसापुरतं नाव

तीस वर्षं बस हाकून प्यो सांग-गिलला एवढं कळलं होतं की गाडी कितीही भरली तरी चालकाचा खिसा भरत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने इंचॉनमध्ये दोन खोल्यांचं एक घर घेतलं. घेतलं म्हणजे काय, दहा कोटी वॉनच्या घरात एक कोटी त्याचे आणि नऊ कोटी भाडेकरणीची अनामत. महिन्याचं भाडं नाही; दोन वर्षांनी ती निघाली की अनामत जशीच्या तशी परत करायची, तीही पुढच्या भाडेकरूकडून घेऊन. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! पण अख्खी आळी हेच करून स्वतःला गुंतवणूकदार म्हणवत होती.

दोन वर्षं सरली आणि घरांचे भाव पडले. भाडेकरीण नाम दा-उन दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिला आता आईकडे, ग्वांगजूला जायचं होतं आणि नवा भाडेकरू काही फिरकेना.

दलाल कूबाईने वाट काढली. "अहो प्योसाहेब, तिला म्हणावं, एक दिवस पत्त्यावरचं नाव दुसरीकडे हलव. घर कोरं दिसलं की बँक पाच कोटी देते."

"आणि तिचे बाकीचे चार?"

"द्या की सवडीने! नाव हललं की तिचा हक्क बँकेच्या मागे गेला. मग घाई कुणाला?"

त्यांच्या देशात कराराच्या कागदापेक्षा सरकारदरबारी पत्त्यावर लागलेल्या नावाला बळ जास्त. ते आहे तोवर घर लिलावात निघालं तरी भाडेकरूचे पैसे आधी. सांग-गिलने फोन केला. दा-उन "बरं काका" म्हणाली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "चार कोटी बुडू शकतात, हे सांगितलंत तिला?"

"तिने विचारलं नाही."

"चुकीच्या बसमध्ये चढलेली म्हातारीही विचारायची नाही. तरी तुम्ही तिला उतरवून द्यायचात."

सोयाबीनचं कालवण तसंच टाकून तो दवाखान्यात गेला.

"पोरी, नाव हलवू नकोस."

"सकाळीच हलवलं की! मैत्रिणीच्या पत्त्यावर. तुम्हीच म्हणालात ना, काका?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला अर्धी रजा टाकायला लावून तो तिला घेऊन वॉर्डाच्या कचेरीत गेला. वाटेत त्याने सगळं सांगून टाकलं, आणि स्वतःचं राहतं घर विकून दोन महिन्यांत नऊ कोटी देतो म्हणाला. कारकुनाने नाव पुन्हा त्याच पत्त्यावर लावलं.

"झालं. पण लागू उद्यापासून हं."

म्हणजे आजचा दिवस घर कोरंच होतं, आणि बँक उघडी होती. पायऱ्यांवर येऊन सांग-गिलने खिशातून कापडी पिशवी काढली. तिच्यात त्याचा सरकारी नोंदीतला शिक्का होता. त्याच्याशिवाय बँक कर्जाच्या कागदाला हात लावत नाही. सकाळीच त्याने तो बँकेसाठी खिशात टाकून ठेवला होता.

"हा उद्यापर्यंत तुझ्याकडे ठेव."

"अहो काका, कशाला? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माझा नाही ना, पोरी. ठेव."