लाल दवा, भस्म आणि आमचे डॉक्टरसाहेब

दवाखान्यातल्या बाटल्या धुतल्या की रिकाम्या होतात, किस्से मात्र तळाशी बसून राहतात. निजामाच्या राज्यात, बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. गाळ चांगलाच साचलाय! त्यातले बहुतेक किस्से आमच्या डॉक्टरसाहेबांचे. माणूस हैदराबादचा, मराठी शिकला ती इथं, रोग्यांच्या तक्रारी ऐकून. त्यांना एकच घोर: ही माणसं आपल्या औषधावर विश्वास कधी ठेवणार?

दिंद्रुडचा एक शेतकरी पोटदुखी घेऊन आला. साहेबांनी चिठ्ठी लिहिली, ती माझ्याकडे आणून औषध न्यायचं. गडी थेट घरी! ताईत बुडवून पाणी पितात तशी त्यानं चिठ्ठी बुडवली आणि शाईचं पाणी प्याला. आठ दिवसांनी हसत हजर.

"लई आराम हाय साहेब. अजून एक चिठ्ठी द्या."

मी तोंडात रुमाल कोंबला. साहेबांनी थोडा विचार केला आणि दौत पुढं ओढली. "या वेळी जरा सुवाच्य लिहितो."

एकदा मिक्श्चरमध्ये घालायचा गुलाबी रंग संपला. औषध तेच, पण बिनरंगाचं. चार दिवसांत रोगी परत: "ह्याला गुण न्हाई!" साहेब माझ्यावरच तणतणले, "शास्त्रात रंगाला काय किंमत?" पुढच्या मागणीपत्रात त्यांनी पहिल्या ओळीत रंग लिहिला आणि खाली, "औषधे मागाहून आली तरी चालतील."

आमच्या समोरच शिवाप्पाचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडात सतत शंका. साहेब जंतूंबद्दल सांगत होते, तर यानं मध्येच विचारलं, "तुमी सोता पायलेत का?"

"पाहिलेत. कॉलेजात, सूक्ष्मदर्शकातून. ठिपके दिसले."

"ठिपकेच जंतू हायेत, हे कुनी सांगितलं?"

"आमच्या मास्तरांनी."

"मंग असं म्हना की! तुमी बी गुरू केलाय."

साहेब दोन दिवस शिवाप्पाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साखर संपली.

कपिलधारच्या यात्रेनंतर एका वर्षी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती होती. साहेबांनी गावच्या विहिरीत पाणी शुद्ध करायची लाल दवा टाकली. गावातल्या लिंगायत मठाच्या जंगमस्वामींनी मागून मूठभर भस्म टाकलं. पटकी फिरकली नाही! श्रेय कुणाचं, यावर पारावर रणकंदन माजलं. शेवटी साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी एकच टाकून बघू."

"कबूल," स्वामी म्हणाले. "कोन्तं सोडायचं?"

  पुढच्या वर्षी दोन्ही टाकलं.

आणि मग प्लेगचं साल. घराघरात उंदीर पडू लागले, माणसं रानात झोपड्या टाकून राहिली. साहेब टोचायची लस घेऊन रानात गेले. कुणी दंड पुढं करीना. साहेबांनी सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतलं. गावची म्हातारी सुईण कोंडाबाई पुढं बसली होती. तिच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. ती म्हणाली, "तुमी सरकारचे. तुमाला टोचावंच लागतंय."

साहेब तडक घरी गेले आणि आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. एकुलती एक. तिला मांडीवर घेऊन त्यांनी सुई उचलली, आणि अकरा वर्षांत मी कधी पाहिलं नाही ते पाहिलं. हात थरथरत होता. 

"साहेब," कोंडाबाई म्हणाली, "हात कावून थरथरतोय? इस्वास न्हाई का?"

"विश्वास आहे, आजी. खात्री असती तर थरथरला नसता."

त्यांनी टोचलं. पोर रडली. कोंडाबाईनं तिला जवळ ओढून गप्प केलं, मग स्वतःच्या चोळीची बाही वर सरकवली.

"टोचा. खात्री असनारे आमी लई पायलेत."