हळू सुरुवात

डोळे मिटतात, पण कान जागे राहतात. केबिनच्या पत्र्यापलीकडे जहाजाचं इंजिन घुमतंय आणि मी अर्धवट झोपेत एकच गोष्ट उगाळतेय. जेवणाआधी मला पाण्यावर डॉल्फिनचा पर दिसला की नाही? मोठा एक, त्याला चिकटून एक छोटा. क्षणभरच. मग नुसतं पाणी.

आम्ही कोकणच्या समुद्रात तेल शोधतोय. जहाजामागे पाण्यात हवेच्या तोफा ओढल्या जातात. त्यांचा धमाका तळाखाली जाऊन परततो आणि खाली काय दडलंय ते कळतं. पूर्वी यासाठी सुरुंग फोडत. मासे उताणे होऊन वर येत. आता आधी पाण्यात माइक सोडून ऐकतो, जुन्या नोंदी संगणकावर पुन्हा तपासून बरेच धमाके टाळतो, आणि उरलेले हळू सुरू करतो. आधी एक छोटी तोफ, मग थोडी मोठी, म्हणजे डॉल्फिनना निघून जायला वेळ मिळतो. नव्या पोरांना हे मी अशा तोऱ्यात सांगते, जणू डॉल्फिननीच मला नेमलंय. उठल्यावर 'सुरू करा' म्हणायचं की 'थांबा', हे मला ठरवायचंय. हवा बिघडतेय आणि आमचे प्रमुख नाडकर्णी घाईला आलेत.

"हेमांगी, झोपलंस काय गो?"

खोबरेकर सर माझ्या पायाशी बसलेत. डॉल्फिनवर नजर ठेवायचं हे काम मला त्यांनीच शिकवलं. गेल्या शिमग्यात ते वारले. मालवणला जाऊन मी त्यांचं शेवटचं दर्शन घेतलं. सगळं आठवतंय, तरी मी पाय आखडून त्यांना जागा करून देते.

"सर, तुम्ही पाहिलंत? पिल्लू होतं का?"

"चल, घराक जावया."

घर म्हणजे माझं, रत्नागिरीचं. ओट्यावर कुकर आहे, खिडकीच्या काचेला हिरवं पाणी टेकलंय. आत हवा आहे की पाणी, कळत नाही. माझे केस वर तरंगतायत. कोपऱ्यातल्या गादीवर माझी रेवा झोपलीय. तिला नुकतंच तिसरं लागलंय.

दारावर टकटक होते. अगदी हलकी, शेजारीण विरजण मागायला आल्यासारखी.

"कोण आहे?"

"कोण नाय. सुरवात झाली." सर हसत नाहीत. "हळूच केल्यानी. आता भायर पडूचा. वेळ दिलेलो असा."

पुन्हा टकटक. कुकरचं झाकण थरथरतं. मी रेवाला उचलायला जाते, तर ती ओल्या वाळूच्या पोत्यासारखी जड.

"रेवा, ऊठ बाळा. ऊठ ना! सर, ही उठत नाहीये!"

"मगे तू जा."

"हिला टाकून?"

"दार उघडा असा. तूच शिकवतंस ना, हळू सुरवात केली काय सगळे जातत?"

पुढचा ठोका भिंतीतून थेट छातीत उतरतो. भांडी मांडणीवरून सुटून संथपणे खाली येतात. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटलेली नाही. मी दाराकडे तोंड करून किंचाळते, "थांबवा! अहो, आत लेकरू आहे!"

बाहेरून उत्तर येतं. शांत, सवयीचं.

"पाणी रिकामं दिसतंय. सुरू ठेवा."

तो आवाज माझाच आहे.

सर स्वतःच्या कानातून कापूस ओढून काढतात. तिरडीवर ठेवण्याआधी घातलेला, तोच.

"ह्यो घे. एकच असा, दुसरो सुटणा नाय. कोणाच्या कानात घालूचो ता तूच बघ."

मी विचारही करत नाही. रेवाच्या कानात तो घट्ट बसवते आणि तिच्यावर पालथी पडते. दार फुटतं.

मी ताडकन उठून बसते. केबिन, पत्रा, इंजिन. वॉकीटॉकीवर नाडकर्णी बोलतायत.

"मॅडम, वरून काही दिसलेलं नाही. माइकही शांत आहे. सुरू करायचं ना?"

"थांबा," मी म्हणते. "पिल्लू आहे. मी पाहिलंय."

"नक्की? आजचा दिवस जाईल, मॅडम."

"जाऊ दे. थांबा."

ते आणखी काहीतरी बोलतात, पण मला अर्धवटच ऐकू येतं. मी उजव्या कानाला हात लावते. आत खोलवर कापूस बसवलेला आहे, गार आणि ओला.

मी तो रेवाच्या कानात घातला होता.