माहेरी राहिलेले सोळा गुण

सोलापुरातल्या कॉलेजच्या कार्यालयात माझी एकतीस वर्षे होत आली. एवढ्या काळातली एक चूक मात्र अजून माझ्या अंगावर येते. ती १९७४ सालची, दाक्षायणीच्या निकालाची.

दाक्षायणी अक्कलकोटहून एस.टी.ने बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला यायची. प्रत्येक विषयाच्या शंभरातले वीस गुण वर्षभरातल्या चाचण्यांचे आणि ऐंशी लेखी परीक्षेचे. दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागे. बस चुकू नये म्हणून चाचणीच्या दिवशी ती अंधारातच घर सोडायची. डिसेंबरपर्यंत तिच्या सगळ्या चाचण्या पुऱ्या झाल्या आणि सोलापुरातच तिचे लग्न झाले. सासरे गुरप्पा यांची धान्याची आडत, म्हणजे दलालीची पेढी, होती. त्यांनी सुनेला स्पष्ट सांगितले होते की पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर घर बघ.

निकालाच्या दिवशी ती खिडकीपाशी आली. तिचा नंबर पाहिला तर सगळ्याच विषयांत नापास. ती रडली नाही. अर्थशास्त्राच्या लेखीला किती आहेत, एवढेच तिने विचारले. मी अठ्ठावन्न सांगितले.

"मग नापास कशी, भाऊसाहेब?"

"चाचण्यांना तुम्ही गैरहजर आहात."

"मी?" तिने खिडकीचा गज धरला. "एकबी चाचणी चुकवली न्हाय मी."

मी जुलैत केलेली वर्गाची यादी काढली. हातातल्या निकालावर नाव होते विजयमाला, आणि यादीत त्या नावाची मुलगीच नव्हती. दाक्षायणी होती. तिच्या नावाचा निकाल वेगळाच निघाला होता: अर्थशास्त्राच्या चाचण्यांत सोळा, लेखीला गैरहजर, नापास.

आता उलगडा झाला. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, आणि तेच तिने परीक्षेच्या फॉर्मवर लिहिले. वडिलांच्या जागी नवरा, आडनावही सासरचे. फॉर्म मीच तपासला होता. विजयमालापुढे चाचण्यांचा रकाना रिकामा दिसला तेव्हा, रकाना रिकामा सोडायचा नाही या सवयीने, 'गैरहजर' हा शब्दही मीच लिहिला होता. कागदावर दोघी नापास झाल्या होत्या, आणि पास झालेली एकटी माझ्यासमोर उभी होती.

दुरुस्तीला आठ दिवस होते. दोन्ही नावांची बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र सासरच्या माणसाने कोर्टात करून द्यायचे होते. घरी सांगायचा तिला धीर होईना, म्हणून मीच आडतीवर गेलो आणि चूक माझी आहे हे आधी सांगून टाकले.

गुरप्पांनी निकालाचे दोन्ही कागद दोनदा वाचले.

"म्हंजे आमच्या घरात दोन सुना, आन् दोगीबी नापास?"

मी प्रतिज्ञापत्राचा कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"सोळा गुण माहेरी राहिले म्हना की," ते म्हणाले. "आणायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारात ते माझ्याआधी येऊन उभे होते.

दुरुस्त निकाल आला. दाक्षायणी सर्व विषयांत पास. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला ती सासऱ्यांबरोबर आली. नावाच्या रकान्याशी तिचे पेन थांबले आणि तिने त्यांच्याकडे पाहिले.

"दाक्षायणीच लिव्ह," गुरप्पा म्हणाले. "पुन्ना कोर्टात कोन जातंय?"

तिने लिहिले. तो फॉर्म मी तीनदा तपासला.