आयोगमावशी

“आल्या बघ आयोगमावशी. आजपण मोठा डबा दिसतोय.” मानवी हक्क आयोगाच्या दाराशी बसलेला शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला. मी मावशींच्या मागे, कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होते. मावशींनी ते ऐकलं आणि त्याच्याच टेबलावर डबा उघडला. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. “घे रे. तुझ्यासाठी तिखट कमी केलंय.”

तारखेला आलेला जो कोणी बाकावर ताटकळत असेल, त्याला मावशी खायला घालत. एकदा पोलिसांच्या बाजूने आलेल्या तरुण अधिकाऱ्यालाही त्यांनी भाकरी दिली. मला राग आला, पण मी बोलले नाही. मी तशी कुठेच बोलत नसे. मावशींना ते कळलं. “संदेश गेला तेव्हा हा शाळेत असेल गं. सकाळपासून उपाशी आहे.” अधिकाऱ्याने भाकरी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

संदेश त्यांचा एकुलता मुलगा. कामावरून येताना चोरीच्या संशयावरून त्याला उचललं आणि कोठडीतच तो गेला. छातीत कळ आली, असं पोलिसांनी सांगितलं. पाठीवरचे वळ मावशींनी त्याला शेवटची अंघोळ घालताना पाहिले. कोठडीतला मृत्यू दिल्लीच्या आयोगाला कळवावाच लागतो, तसा तो कळवला गेला. तिथून प्रकरण मुंबईच्या आयोगाकडे आलं, आणि मावशींनी तिथे स्वतःचा तक्रार अर्ज दिला. “दिल्लीला कळवलं,” मावशी म्हणत, “धरला तेव्हा घरी कळवायचं, हे पण कायद्यातच आहे. ते तेवढं राहिलं.”

आमच्या काळाचौकीच्या चाळीत मी इंग्रजी माध्यमातली, म्हणून मावशी माझ्याकडून कायदा वाचून घेत. एकदा शेजारच्या सुनेला साक्षीसाठी ठाण्यात बोलवायला हवालदार आला. मावशींनी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. “बसा साहेब. बाईमाणसाला ठाण्यात नाही बोलवायचं. काय ते इथेच विचारा, मी चहा टाकते.”

“वकील झालात काय, मावशी?”

“तुमच्याच कृपेने.”

पुढे आयोगाचा निर्णय आला, इंग्रजीत. संदेशला मारहाण झाली होती. भरपाई द्यावी आणि दोषींची चौकशी करून अहवाल पाठवावा. चाळीच्या मंडळातल्या पोरांनी लगेच फळ्यावर लिहिलं, ‘संदेशला न्याय मिळाला’. पेढे वाटले गेले. ही नुसती शिफारस आहे, हुकूम नाही, हे मला मावशींना घरात बसवून सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या सासूसारखं. सांगायची सगळ्यांना, ऐकायचं कोणी नाही.”

मी फळा पुसायला निघाले, तर त्यांनी हात धरला. “राहू दे गं आजचा दिवस. इतकी वर्षं लोक त्याला चोर म्हणत होते.”

भरपाई आली. अहवाल येईना, आणि मावशींना तोच हवा होता. त्याला कुणी मारलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तारखा पडत राहिल्या. भाकऱ्या थापणं जमेना, तेव्हा त्या डब्यात चुरमुरे घेऊन येऊ लागल्या. शेवटच्या आजारात, इस्पितळाच्या खाटेवरून त्या मला एवढंच विचारत, “मी नसले तर बंद करतील ना गं?” मी त्यांच्या पायांवरची चादर नीट करत बसायचे.

पुढच्या तारखेआधीच त्या गेल्या.

त्या तारखेला मी एकटीच गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. सरकारी वकील उठून म्हणाले, “अर्जदार हयात नाहीत. प्रकरण बंद करावं.” आयोगाच्या सदस्य मॅडमनी चष्मा सारखा केला आणि पेन उचललं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी उभी राहिले तेव्हा खुर्ची कर्कश वाजली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मॅडम, ही तक्रार मेलेल्या माणसासाठीच होती. त्याच्या वतीने कोणीही उभं राहू शकतं, असं कायद्यातच आहे. मावशींच्या जागी माझं नाव घाला.”