कासवाचा श्रावण

ते कासव माझ्या घरात आलं तेव्हा ताटलीएवढं होतं, आणि आल्या आल्या त्याने माझ्या झाडूचे हीर तोडले. नवरा इथे बहरीनमध्ये, जुफैरच्या एका टॉवरमध्ये एसीचं मेंटेनन्स बघतो. तिथला एक गोरा भाडेकरू फ्लॅट सोडून मायदेशी गेला आणि हे ध्यान बाथटबमध्ये तसंच ठेवून गेला. वॉचमन म्हणाला, कचऱ्यात टाकतो. माझ्या नवऱ्याने म्हणे दोन्ही हात जोडले. मला सांगताना म्हणाला, "अगं, कासव ते! विष्णूचा अवतार! असं कसं टाकायचं?" रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून त्याने ते बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. मी म्हटलं, "अवताराला दात आहेत का बघितलंत?" दात नव्हते. चोच होती, आणि ती कात्रीसारखी चालायची.

आमच्या गावच्या देवळात सभामंडपात दगडी कासव आहे. देवाच्या आधी त्याच्या पाठीवर डोकं टेकायचं, मग आत जायचं. नवऱ्याच्या डोक्यात तेच. पण हे अमेरिकेतलं चावरं कासव, हे मी मोबाईलवर शोधून त्याला वाचून दाखवलं. ह्याला डोकं पाठीखाली लपवता येत नाही, म्हणून हे समोरच्यालाच फाडतं. मान एवढी लांब की मागून धरणाऱ्याचाही हात गाठते. धरायचं तर शेपटीच्या बाजूला, ढालीच्या कडेला, तेही अंगापासून लांब. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सवय होईल त्याला." मेल्याला सवय म्हणे!

त्याला ठेवायचं कुठे? बाल्कनीत उन्हाने शिजलं असतं. म्हणून निळा ड्रम आडवा कापून बाथरूममध्ये ठेवला, वर चढून बसायला एक फरशी टाकली, वरून ओव्हनची जाळी आणि जाळीवर बत्ता. इथे उन्हाळ्यात थंड नळालाच कढत पाणी येतं. गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी आम्ही थंड म्हणून अंगावर घेतो. ते पाणी आधी कासवाला, उरलं तर आम्हाला. मी अंघोळीला बसले की ते जाळीखालून टक लावून बघायचं. मीही त्याला तोंडभर शिव्या घालायची.

खायला घालणं माझ्याकडे. मासळीवाला इथल्या सफी माशांची डोकी, आतडी फुकट द्यायचा. लांब चिमट्यात डोकं धरून पाण्यात सोडायचं. आधी काही नाही, दगड. मग एकदम खाड! चिमट्याला असा हिसका बसायचा की खांद्यातून कळ जायची. पुढच्या नख्यांनी ते डोकं फाडायचं, डोळे आधी खायचं, पाणी लाल व्हायचं. एकदा जिवंत खेकडा टाकला, तर कवच फुटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. मी मालवणी बाई, मासे कापत लहानाची मोठी झालेली, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. "जाऊ दे ना कुणाला तरी," मी नवऱ्याच्या मागे लागले. तो बरं म्हणायचा आणि विसरायचा.

मग मला दिवस गेले. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, नवस झाले, आणि कासव आल्यावर दोन महिन्यांत ही बातमी. संपलं! फोनवर सासूबाईंनी निकाल दिला, कासवाचा पायगुण. मी नवऱ्याला म्हटलं, "ह्यात तुमचा काही हात नाही वाटतं?" तो लाजला, पण पटलं त्यालाही तेच. आता ते घरातून हलणं शक्य नव्हतं.

मुलगी झाली. ती रांगायला लागली आणि माझी झोप उडाली. रांगतं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं आणि सगळ्याकडे बोट नेतं. बाथरूमचं दार मी बाहेरून कडी लावून, वर दोरीनेही बांधायची. तोवर ते कासव लहान परातीएवढं झालं होतं. पोछ्याची लाकडी काठी त्याने माझ्यासमोर मोडली, आणि मला त्या काठीच्या जागी माझ्या पोरीचं मनगट दिसलं. पोरीची बोटं म्हणजे काय, भेंडीच्या कोवळ्या शेंगा! मी नवऱ्याला सरळ सांगितलं, "तिला काही झालं तर आधी त्याला कापीन, मग तुम्हाला." तो हसला.

श्रावणाच्या तोंडावर सासूबाई व्हिजिट व्हिसावर नातीला बघायला आल्या. बाई तशा बऱ्या, माझ्यासारख्याच तोंडाळ. आल्या दिवशी कासवाला हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "श्रावणात घरात मासो येवचो नाय."

"आपण नाही खात. पण त्याला लागतो."

"देवाक मासो घालतंस? जळ्ळां तुझा तोंड!"

मग त्या काकडी घालायच्या, भिजवलेले हरभरे घालायच्या, माठाचा पाला घातला. ते ढुंकूनही बघायचं नाही. काकडीच्या फोडी पाण्यावर तरंगून कुजल्या. ते ड्रमच्या प्लास्टिकला ओरबाडायला लागलं, जाळी डोक्याने उचलायला लागलं, दिवसभर खड्‌ खड्‌ चालायचं. मी भांडले, कडाकडा भांडले. मासळी आणायला निघाले तर त्या दारात आडव्या बसल्या. नवरा म्हणे, "एक महिन्याचा प्रश्न आहे, आईचं मन मोडू नको." मी चिमटा त्याच्या पुढ्यात आपटला. "मग भरवा तुम्ही मायलेकरं!" बाथरूमची दोरी आणि कासव दोन्ही त्या दिवसापासून सासूबाईंच्या ताब्यात गेली.

श्रावणातला सोमवार होता. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद असतं, म्हणून नवरा घरी येऊन एसीखाली घोरत होता. मी नारळ फोडायला कोयता हातात घेतला होता. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "नमस्कार कर, बाय, देवाबाप्पाक नमस्कार कर." मी दारातून बघितलं. कासव ड्रममधून काढून पाटावर ठेवलं होतं, पाठीवर हळदकुंकू, जास्वंद. सासूबाई वाकल्या होत्या आणि माझी पोर दोन्ही हातांत धरून तिचं कपाळ त्या पाठीला टेकवत होत्या, देवळात करतात तसं. पोरीने हात पुढे केला, नेमका तोंडाकडे.

मी ओरडले. मान अशी फिरली की मला दिसलीच नाही. सासूबाईंना मात्र दिसली. त्यांनी पोरीला बाजूला भिरकावलं आणि आपला हात मध्ये घातला.

हाडाचा आवाज मी ओळखते. पोर चटईवर पडून किंचाळत होती. तिला उचलून आधी पलंगावर टाकलं. सासूबाई ओरडल्या नाहीत, त्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती. उजव्या हाताचं मधलं बोट चोचीत, आणि ते मान आत ओढत होतं. नवरा धडपडत आला, त्याने कासव धरून ओढलं आणि बोटाची कातडी मोज्यासारखी सरकली. "ओढू नका!" म्हणून मी त्याला लाथ घातली, खरीखुरी लाथ. मग कोयता मानेवर घातला. एकदा घातला तर कातडं सरकलं. पुन्हा घातला. पुन्हा. रक्त माझ्या तोंडावर, भिंतीवर, पाटावर. मान तुटली, तरी चोच सुटेना! धडाचे पाय कुंकवात फरशीवर चालतच होते. नवऱ्याने हत्यारांच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर आणून जबडा उचकटला, तेव्हा बोटाचं पेर त्या तोंडातच राहिलं.

मी पदर फाडून हात बांधायला घेतला. सासूबाईंनी हात हिसकावून घेतला. "माझा ऱ्हवांदे! चेडवाक हाड आधी." पोरीला आणलं. डाव्या हाताने त्यांनी तिची एकेक मूठ उलगडली, बोटं वेगवेगळी करून बघितली, उलटी, सुलटी. पोर रडत होती आणि तिच्या हातावर त्यांचं रक्त लागत होतं, म्हणून त्या पुसून पुसून पुन्हा बघत होत्या. सगळी आहेत म्हणून खात्री झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

हॉस्पिटलात डॉक्टरने दोनदा विचारलं, काय चावलं? नवरा सांगताना रडत होता. पेर जोडता आलं नाही. घरी येऊन मी फरशी धुतली आणि धड गोणीत घालून नवऱ्याच्या हाती दिलं. मला त्या कासवाचा राग नव्हता. भुकेलं होतं ते, आम्ही भुकेलं ठेवलं होतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा कोयता घालीन.

संध्याकाळी सासूबाईंच्या उजव्या हाताला एवढं मोठं बँडेज. डाव्या हाताने जेवायला त्या तयार होईनात, म्हणून मी वरणभात कालवला. "आ करा," म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं, दात दिसले, आणि माझा हात आपोआप मागे गेला. घास मांडीवर सांडला. मी पुन्हा घास केला, पुन्हा हात मागे आला.

सासूबाई बघत होत्या. मग त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि माझी बोटं स्वतःच्या तोंडाशी नेली.

"अगो," त्या म्हणाल्या, "मी काय चावतंय?"

मग मात्र मी रडले. त्या चावून चावून, सावकाश जेवत राहिल्या.