गेटवरचा मल्हारी आणि त्याच्या थापा

फुलंब्रीकडचा मल्हारी विद्यापीठाच्या नव्या संशोधन पार्कात गेटवर वॉचमन होता. पार्क म्हणजे काय थाट! काचेच्या इमारती, हिरवळ, चर्चेसाठी गोल टेबलं. फक्त त्या टेबलांकडं कुत्रं फिरकत नव्हतं. कंपनीवाले आपापल्या खोलीत, प्रोफेसर आपापल्या डिपार्टमेंटात. आधी समोरच्यानं यावं, असा दोन्हीकडं हट्ट. लग्नात रुसलेले जावई परवडले!

ओळखी वाढाव्यात म्हणून मॅनेजर शिवम साहेबांनी चहापानसुद्धा ठेवलं. कंपनीवाले एका भिंतीला चिकटले, प्रोफेसर दुसऱ्या. मधल्या टेबलावरची बिस्किटं शेवटी मल्हारीच घरी घेऊन गेला.

पण त्याला हे बघवेना. मेंढरांमागं गावोगाव फिरलेल्या घरातला माणूस तो. ओळख काढल्याशिवाय कुणाच्या दारचं पाणी पिणार नाही. त्यानं आपल्या परीनं इलाज शोधला. सरळ थापा मारायच्या!

ठिबकच्या नळ्या बनवणारे गोकुळशेठ गाडी घेऊन आले, की हा खिडकीत डोकं घालायचा. "शेठ, केमिस्ट्रीच्या संध्या मॅडम तुमची लई तारीफ करत होत्या."

"माझी? कशापायी?"

"ते मला काय कळतंय? पण करत होत्या."

मागून मॅडमची स्कूटी आली, की तिथं दुसरी थाप. "मॅडम, नळीवाले शेठ इचारत होते, मॅडम कवा भेटतील म्हणून."

तारीफ कुणाला नको असते हो? एका दुपारी दोघंही एकदमच गेटवर थांबले.

"तुम्ही मला विचारत होतात?" मॅडम म्हणाल्या.

"मी? तारीफ तर तुम्ही करत होता ना?"

दोघांनी मान वळवली. मल्हारी लगबगीनं झाडांना पाणी घालायला लागला होता. पाईपला पाणी नव्हतं, पण तो घालत होता.

आता समोरासमोर आल्यावर तसंच निघून जाणं बरं दिसेना. काहीतरी बोलायचं म्हणून शेठ म्हणाले, "नळ्या उन्हात तडकायल्यात हो." मॅडम म्हणाल्या, "कुठं तडकतात, दाखवा बरं." झालं! बॉनेटवर नळ्यांचे तुकडे पसरले, गेट अडलं, मागं हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. दोघांना त्याचं भान नव्हतं. पुढं त्या नळ्यांवर दोघांनी मिळून काम काढलं. ते पाहून मल्हारीला असा चेव चढला, की पार्कातलं एक माणूस त्यानं सोडलं नाही. बघता बघता गोल टेबलांभोवती खुर्च्या पुरेनात.

शिवम साहेबांना मात्र हॉर्नच ऐकू आले. गेटवर कार्डाचं मशीन बसवायचं ठरलं आणि मल्हारीला चितेगावच्या एका बंद गोदामावर पाठवायचं. पगार तेवढाच. पण तिथं माणूस नाही काणूस नाही, नुसती पोती!

"बोलणार कुणाशी तिथं?" बायको कस्तुराबाईनं विचारलं.

मल्हारीनं ताट सरकवलं. "म्या येडा होईन गं," एवढंच म्हणाला. या बाईनं आयुष्यभर त्याला गप बसा, गप बसा म्हटलेलं. आज तो गप बसला, तर तिला रडू फुटलं.

बातमी कळताच संध्या मॅडम तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. "मल्हारी गेला तर गोकुळशेठ जागा सोडणार म्हणत होते."

 साहेबांनी लगेच शेठला फोन लावला.  आपण असं कधी म्हणालो, ते शेठना आठवेना. मग ही विद्या कुठल्या शाळेतली, ते त्यांच्या ध्यानात आलं.

"तर काय!" शेठ गरजले. "मॅडमनी बी सामान बांधाया घेतलंय. तुमाला म्हाईत नाय व्हय?"

मशीन मागच्या दाराला बसलं. संध्याकाळी साहेब गेटवर आले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "राहा इथंच. मॅडम आणि शेठ तुमची फार तारीफ करत होते."

खरं तर दुसऱ्या कुणालाही नाही, पण मल्हारीला तरी संशय यायला हवा होता. तो नाही आला. उभ्या जन्मात त्याच्या माघारी कुणी त्याचं चांगलं बोललं नव्हतं. त्यानं टोपी काढली, डोळे पुसले आणि अडखळत विचारलं,

"माझी? काय म्हणत होते, साहेब?"