पहाटेची रिकामी गाडी

देवळालीहून निघालो तेव्हा वडील ओट्यावरून खाली उतरले नाहीत. तेथूनच म्हणाले, "पोहोचल्याचे कळव. पुढे कामापुरते लिहीत जा." थोरले बंधू, दादा, ट्रंक घेऊन नाशिकरोड स्टेशनापर्यंत आले. गाडी हलली तरी त्यांनी खिडकीचा गज सोडला नव्हता. हात काढा, असे मलाच सांगावे लागले.

त्यानंतर कॅनडातील एका शहरात मी सव्वीस वर्षे लाइट रेल, म्हणजे शहरातली विजेवरची गाडी, चालवली. तेथे हिवाळा पाच महिन्यांचा. बर्फाच्या दिवसांत आमची एक रीत होती. पहाटे तीनला, प्रवासी नसताना, रिकामी गाडी लाइनभर फिरवायची. तसे न केल्यास वरच्या तारेवर बर्फ धरतो, रुळांचे सांधे गोठतात आणि सकाळची भरलेली गाडी अडते. ती फेरी मी कधी चुकवली नाही.

दादा दर रविवारी सकाळी सात वाजता चौकातल्या एसटीडी बूथवरून फोन करीत. माझ्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असे आणि पहाटेच्या पाळीसाठी मी अंथरुणाला पाठ टेकलेली असे. ते विचारत, जेवलास का, थंडी किती आहे. मी उत्तर देई. ते म्हणत, "बरं. ठेवतो." एवढ्यासाठी ते रांगेत उभे राहत. एका शनिवारी मी त्यांना सांगितले की माझी झोप मोडते, काही काम असेल तरच फोन करावा. शिकवण वडिलांचीच होती, म्हणून मला ते योग्य वाटले. दादांनी वाद घातला नाही.

पुढे त्यांचे दोनच फोन आले. वडील गेले तेव्हा आणि वहिनी गेल्या तेव्हा. दोन्ही वेळा सुरुवात एकच होती: "काम आहे."

पत्नीच्या पश्चात, तीन वर्षांपूर्वी, मी मुलीकडे कतारमध्ये दोह्याला आलो. घर अल दुहैल वस्तीत आहे. खोली गार, हाताला काम नाही. एका जागी बसवत नाही. म्हणून रोज शेजारच्या लुसैल शहरात जाऊन ट्रामने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. दारे किती सेकंद उघडी राहतात ते मोजतो. वळणावर ब्रेक उशिरा लागला की माझा उजवा हात आपोआप आवळतो. कॅनडात चाके घसरू नयेत म्हणून आम्ही रुळांवर वाळू सोडत असू. येथे रुळांवर आलेली वाळू झाडून काढतात.

मध्यंतरी एका शनिवारी मुलगी बरोबर आली. डब्यात आम्ही दोघेच होतो. ती म्हणाली, "बाबा, रिकाम्या ट्राममध्ये रोज काय बघता? ड्रायव्हरला वाटत असेल, इन्स्पेक्टर बसलाय." मी तिला पहाटेची फेरी समजावून सांगितली. रिकामी गाडी फिरवली नाही तर भरलेली अडते, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि खिडकीबाहेर पाहत विचारले, "हे काकांना कधी सांगितलंत?"

दादांना कामापुरताच फोन करा म्हणालो, त्या शनिवारी ती फोनजवळच उभी होती. दहा वर्षांची होती. मला वाटले होते, विसरली असेल.

त्यानंतर आठ दिवस कोठेही नीट बसलो नाही. दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. केव्हाही फोन करता येईल, असे निघून गेलेल्या प्रत्येकाला वाटते. लाइन गोठलेली आहे की नाही, हे मात्र गाडी नेल्याशिवाय कळत नाही.

रविवारी दुपारी फोन लावला. दादांनीच उचलला.

"काय काम आहे?"

"काम काही नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारले, "थंडी किती आहे?"

खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसला असता. मी म्हणालो, "बेताची आहे."

"जेवलास का?"

"जेवलो."

"बरं. ठेवतो."

ठेवतो म्हणाले, पण ठेवला नाही. या वेळी मी हात काढा असे सांगितले नाही.

जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी एवढेच आहे. कागदोपत्री माझा कायमचा पत्ता अजून देवळालीचा आहे. तेथे माझी खोली उरलेली नाही. आता दर रविवारी मीच फोन करतो, वेळ त्यांची सातची धरतो. येथे तेव्हा साडेचार वाजलेले असतात. बोलणे एका मिनिटात संपते. त्या मिनिटाला मी घर म्हणतो.